दोन आयांचा उंदीर

भीमसिंगांनी बंडीच्या खिशातून पेपरचं कात्रण काढलं, जेवणाच्या टेबलावर तळहातानं सपाट केलं आणि त्यातल्या उंदरावर बोट ठेवलं.

"ह्याला दोन आया हायेत. बाप न्हाईच. जपानात झालाय. आपल्याकडं कधी येईल?"

"उंदीर?" निलमनं विचारलं.

"शास्त्र."

निलम त्यांची लेक. हिंगोलीत जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होती आणि आसपासच्या निम्म्या गाई तिच्याच हातून गाभण राहिलेल्या. त्यामुळे बाप थंडगार नळकांड्यात बसून येऊ शकतो, हे भीमसिंगांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्यांची अडचण वेगळी होती. येत्या गुरुवारी लेकरासाठी नांदेडच्या दवाखान्यात जायचं होतं ते मिनानं.

मिना कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि सात वर्षं निलमबरोबर राहत होती. सेनगावजवळ भीमसिंगांच्या तांड्यावर तिला 'निलमची मॅडम' म्हणत. त्यात सगळं आलं, आणि कुणाला काही बोलावंही लागलं नाही. निलमनं चव्वेचाळिशी गाठलेली, मिना नऊ वर्षांनी लहान; म्हणून लेकरू मिनाच्या पोटी, मिनाच्याच बीजाचं. बाकीचं बीज दवाखान्यातलं, कुणा अनोळखी माणसाचं. फोनवर हे ऐकल्यापासून भीमसिंगांना झोप नव्हती. आज ते सेनगावहून जीपमध्ये उभ्यानं आले होते, कात्रण चुरगळू नये म्हणून छातीवर हात धरून.

मिना डाळीला फोडणी देत होती. तिनं डब्यातून तुरीचे दोन दाणे काढून कात्रणावर ठेवले.

"काका, हा दाणा निलमचा, हा माझा. दोन्ही चांगले आहेत. पण बीजावर आधीच शिक्का असतो, हे आईकडून आलं, हे बापाकडून. लेकरू घडताना काही कामं आईच्या शिक्क्यावर चालतात, काही बापाच्या. दोन्ही शिक्के आईचेच पडले, तर काही कामं दुप्पट होतात आणि काही होतच नाहीत."

भीमसिंग एकदा ग्रामपंचायतीचे सदस्य राहिले होते. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही.

"सरपंचाची सही दोनदा, ग्रामसेवकाची न्हाईच. बिल पास होत न्हाई."

"बरोबर तेच," मिना म्हणाली. वर्गात इतक्या लवकर कुणाला कळत नसे.

"मंग उंदराचं कसं पास झालं?"

"एका बीजावरचा शिक्का त्यांनी खोडला."

"बोगस सही."

"तसंच म्हणा. शेकडो बीजं घेतली, त्यातून एक पिल्लू मोठं झालं. माणसावर कुणी करत नाही. करूही नये."

"किती वरसं लागतील?"

"वीस लागतील. पन्नासही. नाहीही होणार."

भीमसिंगांनी मनातल्या मनात आपल्या वयाच्या अठ्ठ्याहत्तरात वीस मिळवले आणि पन्नासाच्या वाटेला गेले नाहीत.

"बा," निलम म्हणाली, "तुमाला नातू पायजे का उंदीर?"

ते हसले नाहीत. त्यांनी एक दाणा नखानं पुढं सरकवला. तो निलमचा होता.

"मिना, खरं सांग पोरी. जे लेकरू येईल, त्याच्यात हिचं काय राहील?"

मिनानं पळी खाली ठेवली. निलम खिडकीबाहेर बघू लागली, जणू बाहेर कुणी गाय घेऊन आलं होतं.

"रक्ताचं काहीच नाही, काका."

नेमका तेव्हाच भीमसिंगांचा फोन वाजला. तांड्यावरचा भावसिंग होता. तांड्यावर कुणाची गाय दुसरीचं वासरू जवळ येऊ देत नसली, की लोक डॉक्टर लेकीला नाही, तिच्या बापाला विचारत. आणि भीमसिंग फोनवर असं बोलत, की फोन नसता तरी सेनगावात ऐकू गेलं असतं.

"लाथ मारती? मारू दे. वासराच्या पाठीवर मीठ-पीठ चोळ नि तिच्या तोंडापुढं उभं कर. मिठासाठी चाटंल... व्हय, तीन दिवस. चवथ्या दिवशी काही न लावता सोड. तरीबी चाटलं, की झालं तिचं... काय?... आरं, पोटचं न्हाई हे तिला कोण सांगायलंय? गाय कागद बघत न्हाई. ठेव."

त्यांनी फोन खिशात टाकला. दोघी त्यांच्याकडं बघत होत्या.

"काहून बघून राहिल्या?" ते म्हणाले. "जेवाया वाढा."

मिनानं भाकरी वाढली, वर डाळ वाढली. भीमसिंगांनी कात्रणाची घडी केली, दोन्ही दाणे तिच्यात घेतले आणि घडी परत खिशात ठेवून जेवायला लागले.

निलमनं पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. डाळीत मीठच नव्हतं. शिक्क्यांच्या नादात मिना टाकायची विसरली होती. निलमनं मिना बघणार नाही अशा बेतानं फळीवरची बरणी ओढली, झाकण काढलं आणि चमच्यानं मीठ घेऊन बापाच्या ताटाकडं हात नेला.

भीमसिंगांनी तो हात ताटावर येऊ दिला नाही. त्यांची निम्मी डाळ केव्हाच संपली होती.

"नको. बराबर हाय," ते म्हणाले. "गुरुवारी नांदेडला किती वाजता निघायचं?"

आणि बोटं चाटून त्यांनी ताट मिनापुढं केलं.