दादा, पाय कुठे गेला?

परांची कोसळली, त्यात रंगाऱ्याचा एक पाय गेला आणि शेजारीच काम करणारा धाकटा भाऊ जागीच गेला. स्वप्नात मात्र दोघं अजूनही परांचीवर असायचे, एकाच डब्यात ब्रश बुडवत, एकमेकांची खेचत. तिथे रंगाऱ्याचे दोन्ही पाय शाबूत असत.

आज तो रडतच उठला.

"काय झालं हो?" बायकोनं घाबरून विचारलं.

"आज स्वप्नातही पाय नव्हता."

"डॉक्टर म्हणालेच होते, हळूहळू मनाला पटेल म्हणून."

"पायाचं नाही गं. धाकट्यानं विचारलं, 'दादा, पाय कुठे गेला तुझा?' म्हटलं, परांचीवरून पडलो. तर म्हणतो, 'आणि मी कुठे होतो तेव्हा?'"