आलासीचा पहिला नाच

आलासीने अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून उतरवला आणि सुजलेली बोटं काखेत दाबून धरली. ऐन रंगात आलेला नाच थांबला. बाहेर बर्फाचं वादळ घोंघावत होतं आणि लग्नासाठी अख्खं इनुइट गाव सभागृहात जमलं होतं. इथल्या प्रत्येक लग्नात तीच वाजवत आली होती. आपल्यामागे गाव मुकं होईल, ही धास्ती हल्ली तिची पाठ सोडत नव्हती.

तेवढ्यात तिची सून सिआसी पुढे आली. "आई, मी वाजवू?"

"तुला कुठं येतं?"

"तुम्ही मासे धरायला गेलात, की मी घरी वाजवत बसते. रागवाल म्हणून बोलले नाही."

सुनेने भाता ताणला आणि आलासीचीच चाल सभागृहभर घुमली. लोकांनी पुन्हा फेर धरला. आलासीच्या छातीवरचा दगड उतरला.

समोर तिचा नवरा हात पुढे करून उभा होता. आजवरचे सगळे नाच त्याने भिंतीला टेकून पाहिले होते. "चल, मोकळी झालीस एकदाची."

"मला नाचता कुठं येतं?"

"मला तरी कुठं येतं? बायकोची वाट बघत बसलो होतो."

दोघं फेरात शिरली. दोन गिरक्यांतच तिला धाप लागली. "अगं सिआसी, जरा सावकाश! माणसं पडतील!"

नवरा खो खो हसला. "इतकी वर्षं आम्ही तुला हेच ओरडून सांगत होतो. वाद्याच्या आवाजात तुला कधी ऐकूच गेलं नाही!"