एकूण आठ

उकंडराव रतनसिंगाच्या मळ्यात कांद्याला पाणी देत होते, आणि त्याच दिवशी शेलूबाजारला त्यांच्या घरी त्यांचं चौथं पत्र पोचलं होतं. अंदमानाहून.

"या खेपेले काय लिवलं हाय?" रतनसिंगानं बांधावरून विचारलं.

"सकाळी समुद्रात पोहलो. दुपारी दोन नारळ पेलो."

"तुमाले तर हिरीत डोकावाचं भेव वाटते."

"ते नाही लिवलं," उकंडराव म्हणाले, आणि पुढच्या वाफ्याचं तोंड फोडलं.

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत बावीस वर्षं त्यांनी जुन्या दप्तरांची धूळ खाल्ली होती. पासष्ट साली एका सकाळी डोकं फिरलं. राजीनामा लिहिला आणि साऱ्या कचेरीला सांगून टाकलं, की आता खुर्ची पुरे झाली, बेटं पाहणार, समुद्राकाठी हिंडणार. कचेरीनं हार घातले. गावातल्या म्हाताऱ्यांनी मात्र डोळ्यांना पदर लावले. काळ्या पाण्याला खुनी माणसाला धाडतात हे त्यांना पक्कं ठाऊक. बिचाऱ्या उकंडरावानं कोणाला मारलं, एवढंच कळेना.

बायको रुख्मिणी चार बुकं शिकलेली. तिनं एकच विचारलं होतं, "मले नेता काय?"

"चार दिवस जहाजात राहा लागते. बायामाणसाचं काम नाही ते. लोणारच्या तळ्याजवळ गेलो तं कशी पाहत होती?"

"मी खाली उतरली होती. काठावर तुमी बसले होते," ती म्हणाली आणि भाकरी बांधायला लागली.

कलकत्त्याच्या बंदरात जहाज पाहिलं आणि उकंडरावांनी शिडीचा कठडा दोन्ही हातांनी धरला. तरी ते शिडी चढले. तीन पायऱ्या. तेवढ्यात भोंगा वाजला, आणि कधी खाली आलो हे त्यांचं त्यांनाही समजलं नाही. जहाज गेलं. आता घरी कोणत्या तोंडानं जायचं? हार घातलेली माणसं जन्मभर हसली असती. आणि रुख्मिणी हसली नसती, नुसती पाहत बसली असती. ते तर त्याहून वाईट.

दुसरं जहाज सुटायला अवकाश होता. त्यावरच्या एका खलाशाला उकंडरावांनी गाठलं, चहा पाजपाजून अंदमानची सारी माहिती काढून घेतली आणि धर्मशाळेत बसून एकदमच आठ पत्रं लिहून काढली. कारकुनाचा हात तो. तिकीट कुठं मिळतं, जहाजात जेवायला कधी वाढतात, पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर कोणती धर्मशाळा बरी, एक गोष्ट सोडली नाही. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा घातला: पत्र १, एकूण ८. पत्र २, एकूण ८. आकड्याशिवाय कागद हातावेगळा करायची त्यांना सवयच नव्हती. खलाशाला नवी धोतरजोडी दिली आणि सांगितलं, दर खेपेला एक पत्र तिथल्या पेटीत टाक.

मग अकोल्याहून लहान गाडीनं ते जऊळक्याला उतरले. रतनसिंगाच्या शेताचा हरवलेला कागद त्यांनी एकदा दप्तरातून शोधून दिला होता. त्या उपकारापायी त्यानं तांड्यावर ठेवून घेतलं आणि सेवालाल महाराजांची शपथ वाहिली, कोणाले सांगणार नाही म्हणून. त्याची बायको रामीबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला शपथ कोणी घातलीच नाही.

रामीबाईचं माहेर शेलूबाजारजवळचं. महिन्यातून एकदा ती तिकडं बाजाराला जाई.

"घरी कसं हाय?" उकंडराव ती परतली की विचारत.

"ब्येस हाय. चिठ्ठी आली का सारी गल्ली जमते. बाई मोठ्यानं वाचते." रामीबाई ओढणी तोंडाशी धरी. "तिकिटाची खिडकी, धरमशाळा, तिले सारं पाठ झालं."

उकंडरावांची छाती फुगे. बावीस वर्षं लिहिलं, पण एवढ्या आवडीनं कोणी वाचलं नव्हतं.

पाचवं गेलं, सहावं गेलं. आठव्या पत्राचे दिवस भरले तसे त्यांनी जऊळक्याच्या वाण्याकडून दोन नारळ घेतले. ते देवापुढं फोडायचे साधे नारळ, अंदमानचे नव्हेत, पण विचारतो कोण? मळ्यातल्या उन्हानं अंग काळंठिक्कर पडलं होतं. बेटावरून आलेला माणूस असाच दिसत असणार. एसटीत बसून त्यांनी भाषणही घोकलं. पहिलं वाक्य होतं, "रुख्मिणे, समुद्र म्हंजे काय सांगू तुले."

घराला कुलूप होतं. गोठ्यात म्हैस नव्हती.

शेजारचा जगदेव किल्ली घेऊन आला. त्यानं आधी उकंडरावांकडं पाहिलं, मग नारळांकडं.

"तुही वैनी कुठी हाय?" उकंडरावांनी विचारलं.

"गल्लीतल्या धुरपताबाईले संग घेऊन गेली. महिना झाला. तुमाले भेटली नाही?"

उकंडरावांनी कुलूप काढलं. दाराच्या फटीतून आत पडलेली तीन पत्रं पायाशी आली. सातवं आणि आठवं त्यांचंच, न फोडलेलं. तिसऱ्यावरही पोर्ट ब्लेअरचाच शिक्का होता, पण अक्षर गोल, चार बुकांचं. त्यांनी ते उभ्यानंच फोडलं.

"आमी दोघी सुखरूप पोचलो. म्हैस इकली. तुमी लिवलं तसंच सारं हाय, फक्त तिकिटाची खिडकी उजव्या हाताले नाही, डाव्या हाताले हाय. नारळाचं पाणी रोज पेतो. धुरपताबाई पोहाले शिकून राह्यली. तुमी जऊळक्याले कांद्यात हाव, हे रामीबाईनं पयल्याच बाजाराले सांगतलं होतं. मी म्हटलं, एवढी सारी माहिती लिवली हाय, वाया कायले जाऊ द्याची. तब्येतीले जपजा."

खाली कोपऱ्यात, त्यांच्याच पद्धतीनं, नीट रेघ मारून लिहिलं होतं: पत्र १, एकूण ८.