बाविसावं मिनिट

टॅबच्या पडद्यावर भूगोलाच्या बाईंनी फळा पुसला, हात झटकले आणि वर्गाकडे वळून त्या म्हणाल्या, "चला, आज आपण ऋतू कसे होतात ते बघू."

"हं, गेलं तुझं यंत्र मागे," टॅबसमोर बसलेल्या त्याच बाई म्हणाल्या. आवाजात समाधान होतं. चार आठवडे त्या याचीच वाट बघत होत्या.

टॅबवाल्या ताईलाही तेच वाटलं. शिक्षकांना वर्गात टॅब वापरायला शिकवणं हे तिचं काम, आणि या शाळेत तिचा निम्मा वेळ 'बाई, तुमचं बोट लागलं' एवढं सांगण्यातच जात होता. आज स्वतःचंच लागलं असणार. तिने हात मुकाट्याने मांडीवर घेतला.

सकाळी टॅबवर टिपलेला तास मधल्या सुट्टीत दोघी मिळून बघत होत्या. तास बघून झाला की आधी शिक्षकाने बोलायचं, ताईने नाही, असा नियम होता. मग शिक्षकाने स्वतःच तो मुख्याध्यापिकांना पाठवायचा. बाईंची निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि पुढच्या वर्षी दहावी त्यांच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, हे मोठ्या बाई याच तासावरून ठरवणार होत्या. अठ्ठावीस वर्षं दहावी त्यांच्याचकडे होती. ती काढून घ्यायची भाषा कुणी करावी, याचाच बाईंना राग होता. पण त्या शिकायला बसल्या होत्या, हेही खरं. ताईने सांगितलेलं सगळं त्या पर्समधल्या छोट्या वहीत वळणदार अक्षरात उतरवून घ्यायच्या. ती वही कुणाला बघू द्यायच्या नाहीत.

पडद्यावर बाईंनी पृथ्वीचा गोल उचलला. "पृथ्वी कललेली आहे म्हणून ऋतू होतात. मी कलले तर नुसती कंबर धरते."

वर्ग हसला.

"झाला की हा विनोद मघाशी. पुढे ने गं."

पुढे न्यायला ताईने बोट उचललं आणि ते तसंच अधांतरी राहिलं. फळ्याच्या वर भिंतीवर घड्याळ होतं. तास सुरू झाला तेव्हा त्यात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. आता दहा सत्तावीस. पडद्याच्या तळाशीही बावीसच मिनिटं सरकली होती.

यंत्र मागे गेलं नव्हतं.

"अगं, ने ना."

"बाई," ताई म्हणाली. तास संपायच्या आधीच तिने नियम मोडला. "घड्याळ बघा."

बाईंनी चष्मा लावला. घड्याळ बघितलं. मग फळा बघितला. नीट न पुसलेल्या जुन्या वर्तुळावर पडद्यावरच्या बाई तेच वर्तुळ पुन्हा काढत होत्या. आणि मुलं. चाळीसच्या चाळीस मुलांनी पान उलटलं, वर 'ऋतू' असं पुन्हा लिहिलं आणि खाली अधोरेखन केलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. कुजबुज नाही. विनोदाला तर ती पहिल्यापेक्षा जास्त हसली होती.

पडद्यावरच्या तासाची घंटा होईपर्यंत दोघी बघत राहिल्या. पडद्यावरच्या बाई गोल काखेत घेऊन निघून गेल्या, टॅब बंद करायचा विसरून. मग वर्गाची मॉनिटर जवळ आली. तिचा चेहरा पडदाभर झाला.

"ताई, हे तुम्ही एकट्याच बघा हं," ती हळू आवाजात म्हणाली. "बाईंना दाखवू नका. मोठ्या बाईंना तर नकोच. मंगळवारी पण असंच झालं होतं. आम्ही घेतो सांभाळून."

पडदा काळा झाला.

"मंगळवारी पण," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली होती. "मला मंगळवारचं काहीच आठवत नाही. घाबरायला झालंय गं मला."

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग एकदम कामाला लागल्यासारखी बोलली. "बाई, कापता येतं. पहिली बावीस मिनिटं ठेवते, मागचं काढून टाकते. तास छान झालाय. कुणाला काही कळणार नाही."

"मुलांना कळलंय."

ताईने स्वतःकडे ओढलेला टॅब पुन्हा मधे ठेवला.

"ती बिचारी माझी लाज राखतायत. आणि परीक्षेत? तिथे कोण सांभाळून घेणार त्यांना?" बाईंनी पर्समधून वही काढली. "पूर्ण पाठवायचा, शेवटपर्यंत. मीच पाठवते. पण पाठवतात कसं ते तू मला अजून शिकवलंच नाहीस. सांग, लिहून घेते."

वही ताईच्या समोरच उघडली. पानावर लाल शाईने अधोरेखन केलेला मथळा होता, 'मोठ्या बाईंना तास पाठवणे', आणि त्याखाली क्रमाने सहा ओळी. बाईंनी पान उलटलं. पुढच्या पानावर तोच मथळा, त्याच सहा ओळी. त्याच्या पुढच्या पानावरही. तिथे बाईंचा अंगठा थांबला. बराच वेळ थांबला.

मग त्यांनी कोरं पान काढलं, मथळा लिहिला, खाली पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ ओढली आणि पेन टेकवून वर बघितलं.

"हं. पहिलं काय?"

वहीकडे न बघता, पहिल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तसंच, ताई म्हणाली, "पहिलं म्हणजे बाई, टॅब सुरू करायचा."