जुन्या कपाटाची जागा

वीस वर्षं खुर्ची कुठे ठेवायची हेसुद्धा थोरली जाऊ ठरवायची. म्हणून स्वतःचं घर झाल्यावर धाकटीनं पलंग नवा घेतला, टेबल नवं घेतलं आणि कपाट मात्र हट्टानं जुनं, शिसवी आणलं.

"नव्या घरात ते शोभणार कुठे?" घर बघायला आलेल्या थोरलीनं नाक मुरडलं.

"मी ठेवीन तिथे शोभेल, ताई."

हमालांनी कपाट खिडकीशी टेकवलं. त्याचे चारही पाय फरशीतल्या चार खळग्यांत अलगद बसले. ही फरशी गेल्याच महिन्यात बसवलेली, आणि सकाळी धाकटीनं पुसली तेव्हा सपाट होती.

तिनं कपाट समोरच्या भिंतीशी हलवायला लावलं. तिथेही चार खळगे.

"बाई, त्याला घर पसंत पडलेलं दिसतंय," एक हमाल म्हणाला.

"इथे पसंती माझी चालते. दाराशी घ्या."

दाराशीही पाय खळग्यांत बसले. हमाल पाणीसुद्धा न पिता निघून गेले.

"परत पाठव गं ते," थोरली हळूच म्हणाली.

"माझ्याच घरात मी कपाटाला भिऊ?"

धाकटी तरातरा कपाटासमोर जाऊन उभी राहिली. तिची अनवाणी पावलं दोन उथळ खळग्यांत बसली. बोटांसकट तिच्याच मापाचे, झिजून गुळगुळीत झालेले.

तिनं ओठ आवळले, आणि मुद्दाम लांब ढांग टाकून मनाला येईल तिथे पाय ठेवला.

तिथलीही फरशी तिच्या पावलाएवढी झिजलेली होती.