पृथ्वीचं स्टूल

"आज पृथ्वी कोण?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

सातवीच्या या वर्गात पृथ्वी आणि चंद्र हजेरीच्या क्रमानं होतात. तिथं वशिला चालत नाही. आज सतरा नंबरची पाळी होती, आणि सतरा नंबर म्हणजे बाईंची सख्खी लेक. ती उठली, प्रयोगशाळेतून आणलेल्या गोल फिरत्या स्टुलावर जाऊन बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. चार दिवस ती आईशी धड बोलली नव्हती. बोललीच, तर घरातही शाळेतल्यासारखं. आज सकाळी ताटावरून म्हणाली, "बाई, मीठ द्या." शाळेत आईला बाई म्हणायचं हा नियम बाईंनीच घालून दिलेला. तो असा घरात शिरून चावेल, हे त्यांना कुठं माहीत होतं?

कारण सगळ्या शाळेला ठाऊक होतं. रविवारी बाई लांबच्या गावी निघणार होत्या, तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून, वर्षभरासाठी. लेक इथंच मावशीकडे राहणार होती.

"आणि चंद्र?"

"अठरा नंबर गैरहजर आहे, बाई."

"मग बाईच चंद्र," वर्गातला शंकासुर म्हणाला. या पोराला एक दिवस शंका आली नाही, तर त्याला ताप आलाय असं समजायचं. वर्ग हसला. लेक हसली नाही.

पडदे ओढले गेले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा दिवा लागला, तो सूर्य. पोरं बाकं सोडून चारही भिंतींना टेकून बसली. अंधार झाला तशी कुजबुजही विरत गेली. दिव्याच्या पिवळ्या उजेडात धूळ तरंगत होती, आणि ती खोली जमिनीपासून थोडी सुटून वर आल्यासारखी वाटायला लागली. बाईंनी चपला काढून ठेवल्या. का काढल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"चंद्राचं तोंड कायम पृथ्वीकडे," त्या म्हणाल्या आणि लेकीकडे तोंड करून, एकेक पाऊल बाजूला टाकत, स्टुलाभोवती फिरायला लागल्या. "सांगा बघू, मी स्वतःभोवती फिरतेय का?"

"नाही," सगळा वर्ग एका सुरात. दरवर्षी सगळा वर्ग इथंच फसतो.

"दाराजवळचे, तुम्हाला माझं तोंड दिसतंय?"

"दिसतंय."

अर्धी फेरी झाली. "आणि आता?"

"आता पाठ दिसतेय."

"आम्हाला तोंड दिसतंय," फळ्याखालची पोरं म्हणाली.

"म्हणजे एका फेरीत मी चारही भिंतींकडे बघून घेणार. मग फिरले की नाही?"

पोरं ओशाळली. लेकीनं मात्र पाय रेटला, स्टूल कुरकुरत फिरलं आणि तिनं आईकडे पाठ केली. पाठीवर वेणी होती, वाकडीतिकडी. चार दिवस तिची तीच घालत होती. बाईंचे हात शिवशिवले.

"बाई, चंद्र मावळला," शंकासुर म्हणाला.

"बरोबर. पृथ्वी रोज पाठ फिरवते." बाईंनी पुढचं पाऊल टाकलं. "चंद्र नाही फिरवत."

त्या चालत राहिल्या. दिव्याच्या आणि स्टुलाच्या मधे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा काळोखात गेला, ती अमावास्या. तिथून पुढं उजेड गालावर चढत गेला आणि पलीकडे पोचेपर्यंत पुरा चेहरा उजळला. तोवर स्टूलही रेंगाळत फिरून समोर आलं होतं. लेकीनं पहिल्यांदा मान वर केली. आता भर पौर्णिमेत लपणार कुठं? आईचे डोळे भरलेले होते, ते तिनं पाहिलं.

"बाई, चंद्र पृथ्वीपासून लांब चाललाय म्हणे," शंकासुराची पुढची शंका तयारच होती. "खरं आहे का?"

"खरं आहे. दरवर्षी साधारण दोन बोटं."

"थांबवता नाही येत?"

हा आवाज स्टुलावरून आला होता.

"नाही येत," बाई म्हणाल्या. "पण कितीही लांब गेला, तरी तोंड इकडेच असतं."

"पुस्तकात आहे?"

"आहे. पान एकसष्ट."

लेक नखानं स्टुलाचा रंग खरवडत होती. मग हळूच म्हणाली, "पुन्हा एक फेरी घे. मला नीट दिसलं नाही."

वर्गासमोर ती आईशी असं कधीच बोलली नव्हती. पण कुणी हसलं नाही.

बाई निघाल्या. या खेपेला स्टूलही त्यांच्याबरोबर वळायला लागलं, अगदी त्यांच्याच चालीनं. बाई खिडकीशी, तर लेकीचे डोळे खिडकीशी. बाई दाराशी, तर डोळे दाराशी. दिव्याच्या आड येऊन त्यांचा चेहरा पुन्हा काळोखात बुडाला, तरी ती तिकडेच बघत राहिली.

शंकासुरानं दोनदा बोट वर करून खाली घेतलं. शेवटी त्याला राहवेना.

"बाई, पृथ्वी चुकतेय. ती चंद्राबरोबरच फिरतेय. असं केलं तर चंद्र मावळायचाच नाही."

साधा अनुस्वार राहिला तरी लाल गोल करणाऱ्या या बाई. वीस वर्षांत त्यांनी कुणाची चूक पोटात घातली नव्हती.

"चुकू दे," पाऊल बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "घंटा होईपर्यंत चुकू दे."