हरभऱ्याची राखण

डोणगावच्या देवानंदला कादंबरी लिहायची होती. पण लिहायला बसलं की फोन वाजायचा, आणि नाही वाजला तर का वाजत नाही म्हणून तोच उचलून बघायचा. शेवटी बायकोनं, धम्मशीलानं, तोड काढली.

"मोबाईल द्या माह्याजवळ अन् जा वावरात. तुमचं लिवनं बी होते अन् हरभऱ्याची राखण बी. रोही चरायले आले त फक्त डबा वाजवा."

सकाळीच तो वही, पेन आणि रिकामा डबा घेऊन मचाणावर चढला. मग काय विचारता, हात थांबेना. मागं कुठंतरी फुरफुर ऐकू आली, मधेच मचाणही जरा हललं. पण आज कशाकडंच लक्ष द्यायचं नाही, असं त्यानं मनाला बजावलं होतं.

दुपारी धम्मशीला भाकर घेऊन आली.

"सकाळपासून मान वर नाही केली," तो वहीतून डोकं न काढताच म्हणाला. "आयक. नायक पिकाची राखण करून राह्यला. थंडीनं कुडकुडते, पण गड्यानं एक रोही वावरात शिरू देला नाही."

धम्मशीलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बुडापर्यंत खाल्लेला हरभरा पाहिला, मचाणाच्या खांबाशी पडलेल्या ताज्या लेंड्या पाहिल्या. मग बांधावर आडवं झालेलं जुनं बुजगावणं उचलून त्याची टोपी झटकली.

"उद्यापासून तुम्ही घरीच लिवा. मचाणावर याले बसवू. हे वाऱ्यानं तरी हालते."